स्टेअरिंग फिरवताना गाडी वाजते? नागपूरच्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

वळताना गाडी वाजली की बहुतेक जण एकच वाक्य सांगून ती गॅरेजमध्ये सोडतात: "आवाज येऊन राहिला, पाहून घ्या." मिस्त्री कितीही चांगला असला तरी एवढ्यावर त्याला अंदाजच बांधावा लागतो, आणि त्या अंदाजाचे पैसे आपल्या खिशातून जातात. आवाज उभ्या गाडीत येतो की चालत्या, रेस दिल्यावर वाढतो का, खड्ड्यात येतो का, एकाच बाजूला वळताना येतो का, एवढं नेमकं सांगता आलं तर निम्मं निदान घरीच झालेलं असतं.

आवाज कुठून येतो तेच समजत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी डिकी रिकामी करा. सैल जॅक, पाना, पाण्याचे कॅन, सीटखाली घरंगळणारी बाटली यांचे आवाज अगदी चाकातून आल्यासारखे वाटतात. मग एसी आणि गाणी बंद, काचा खाली.

पहिली तपासणी उभ्या गाडीत. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि घरातल्या कोणाला तरी बॉनेट उघडून ऐकायला सांगा. दोन-तीन वेळा पुरे. कोरड्या सिमेंटवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग उगाच पुन्हा पुन्हा फिरवल्यास टायरवर आणि सांध्यांवर ताण येतो. इथेच आवाज आला तर संशय पॉवर स्टेअरिंग, शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा स्टेअरिंगची दांडी यांच्यावर.

दुसरी तपासणी मोकळ्या मैदानात. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मधेच थोडी रेस द्या. तिसरी, स्पीडब्रेकरवरून अगदी हळू आणि थोडं तिरकं जा, म्हणजे एक चाक आधी चढेल. चौथी, रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर ४० ते ६० च्या वेगात घोंघावणं ऐका. ही शेवटची तपासणी वर्धा रोडवर भर गर्दीत करायची नाही. रविवारी सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावरच. प्रत्येक वेळी मागच्या सीटवरच्या माणसाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. गॅरेजमध्ये पोचल्यावर गाडी हमखास गप्प होते, तेव्हा हे रेकॉर्डिंग कामी येतं.

माझ्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग ऑइलचं आहे की बॅटरीवरचं?

हे आधी माहीत हवं, कारण अर्धी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. बॉनेट उघडून स्टेअरिंग ऑइलची डबी शोधा. झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असतं. डबी असेल तर हायड्रॉलिक: इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि ऑइलच्या दाबाने चाकं वळवायला मदत होते. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या गाड्यांत हेच आहे. डबी नसेल आणि गाडी गेल्या काही वर्षांतली छोटी हॅचबॅक असेल, तर जवळजवळ नक्की इलेक्ट्रिक, म्हणजे ईपीएस. त्यात मोटर असते, ऑइल नसतं. अशा गाडीत कोणी स्टेअरिंग ऑइल बदलल्याचं बिल लावलं तर तिथेच थांबवा.

पूर्ण वळवून रेस दिली की चाकातून कट-कट-कट येतं. काय आहे?

हा आवाज ओळखायला सर्वात सोपा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक्सल जातो, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. चाक वळलेलं असतानाही ताकद सारखी पोचावी म्हणून आत पोलादी गोळ्या खाचांमध्ये फिरतात. खाचा झिजल्या की वळणात भार आला की गोळ्या वाजतात. वेग वाढला की कट-कटही जलद होते. सरळ चालताना बहुधा काहीच ऐकू येत नाही.

जॉइंट आपोआप झिजत नाही, त्याला कारण लागतं, आणि नव्वद टक्के नाही तरी बहुतेक वेळा ते कारण फाटलेला रबरी बूट असतं. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि त्या वाटेने धूळ, वाळू, पावसाचं पाणी आत जातं. म्हणून चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूने टॉर्च मारून पाहा. रिमच्या आतल्या बाजूला किंवा शॉकअपवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट गेला. नागपूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं आणि घड्यांमध्ये चिरा पडतात, त्यामुळे मार्च महिन्यात आणि पावसाळ्याआधी एकदा हे पाहायची सवय मला फार मोलाची वाटते.

बूट फाटलाय पण अजून आवाज नाही, तर फक्त बूट आणि नवं ग्रीस एवढ्यात काम होतं. आवाज सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून काही दिवस शांतता मिळेल, पण झिजलेली खाच भरून येत नाही. जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावाच लागतो. कोणत्या बाजूचा? वळताना बाहेरच्या बाजूच्या चाकावर जास्त भार येतो, म्हणून उजवीकडे वळताना वाजत असेल तर आधी डावा पाहा. एक्सल काढताना गिअर ऑइल थोडं सांडतं. ते पुन्हा मापात भरलं का, आणि एक्सलचा नट नवा लावून ठरवलेल्या ताकदीने आवळला का, हे विचारून घ्या.

बोलेरो किंवा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढे हा जॉइंटच नसतो. तिथे वळताना खटखट येत असेल तर पुढचे प्रश्न वाचा.

गाडी उभी आहे, स्टेअरिंग फिरवलं की 'टंग' असा आवाज येतो आणि हातालाही जाणवतो.

शॉकअपचं वरचं माउंटिंग. बऱ्याच गाड्यांत पुढची स्प्रिंग आणि शॉकअप चाकासोबत फिरतात, आणि ते सहज फिरावं म्हणून वर एक बेअरिंग असतं. त्यात धूळ आणि गंज गेला की ते अडकतं. मग स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते: तोच 'टंग'.

दुसरी खूण अशी की वळून झाल्यावर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, अर्ध्यात रेंगाळतं. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या भागावर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला स्टेअरिंग फिरवायला सांगा. खराब माउंटिंगचा झटका हाताला लगेच कळतो. चाकाच्या बाजूने स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मात्र बोटं घालू नका.

माउंटिंग दोन्ही बाजूंचं एकदम बदला. एक गेलं की दुसऱ्याचंही आयुष्य तेवढंच झालेलं असतं. हे काम घरी करायचं नाही. स्प्रिंग प्रचंड दाबात असते आणि ती दाबायचं अवजार नसताना वरचा नट उघडला तर ती उडून माणसाचा जीव जाऊ शकतो.

डिसेंबरच्या सकाळी वळताना आणि स्पीडब्रेकरवर जुन्या दारासारखी करकर येते, दुपारी जाते. असं का?

रबर बुशिंग, म्हणजे सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोअर आर्म आणि वळताना गाडीचं झुकणं आवरणारा स्टॅबिलायझर बार या रबराच्या बुशांवर हलतात. नागपूरचं रबर मे महिन्यात ४५ अंशांपुढचं ऊन खातं आणि हिवाळ्यात पहाटे तेच १० अंशांच्या आसपास उतरलेलं असतं. उन्हाने कडक झालेलं रबर थंडीत धातूवर घासतं आणि दुपारी जरा सैल पडतं. खात्री करायची असेल तर एकेका बुशवर साधं पाणी मारा. ज्या बुशवर पाणी मारल्यावर आवाज थोडा वेळ थांबला, तोच दोषी.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. आवाज त्या दिवशी बंद होतो, गाडी खालून चमकते, आणि रबर फुगून मऊ पडायला लागतं. काही महिन्यांत बुश फाटतो आणि करकरीच्या जागी खडखड येते. वॉशिंग सेंटरवर गाडी देतानाच "खालून डिझेल मारू नका" असं सांगा. फवारा मारायचाच असेल तर सिलिकॉनचा मारा, आणि तोही तात्पुरता उपाय समजा. फाटलेला बुश बदलणं हाच खरा उपाय.

हायड्रॉलिक गाडी आहे. वळवताना घुरघुर, कण्हल्यासारखा आवाज येतो आणि स्टेअरिंग जड लागतं.

ऑइल कमी झालंय, किंवा ऑइलमध्ये हवा शिरलीय. डबीवरच्या कमाल आणि किमान खुणा पाहा. काही डब्यांवर गरम आणि थंड इंजिनसाठी वेगळ्या खुणा असतात. ऑइलवर फेस दिसला तर हवा. ऑइल काळपट आणि जळक्या वासाचं असेल तर ते पूर्ण बदलायची वेळ आली.

ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलं. नुसतं भरून पुढे जाऊ नका. डबीच्या पाइपच्या क्लिपा, पंपाचा जोड, आणि रॅकच्या (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा आडवा भाग) दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहा. बुटात ऑइल साचलं असेल तर रॅकचं सील गेलंय.

कोणतं ऑइल, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. अनेक गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना कंपनीचं ठराविक ऑइलच लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही नको. त्याने सील फुगतात आणि पंप व रॅक दोन्ही कामातून जातात. हवा काढायला पुढची चाकं सुरक्षितपणे वर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात आणि ऑइल भरत राहतात. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू. एवढं करूनही घुरघुर राहिली तर पंप पाहावा लागेल. त्याआधी डबीतली जाळी तपासा, ती चोंदली तरी हाच आवाज येतो.

स्टेअरिंग अगदी टोकाला दाबून धरल्यावर येणारा 'सूंऽऽ' आवाज दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो, तो नैसर्गिक आहे. मात्र टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरू नका. इतवारीच्या गल्लीत गाडी काढताना हे फार होतं; टोकापासून स्टेअरिंग किंचित मागे घेतलं तरी पंपाला आराम मिळतो.

सकाळी सुरू करून वळवलं की 'चींऽऽ' असा तीक्ष्ण आवाज येतो.

पट्टा. सैल झालाय, किंवा घासून गुळगुळीत झालाय. चालू इंजिनच्या पट्ट्यावर स्प्रे बाटलीने, हात लांब ठेवून, थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पट्टा झिजलाय किंवा तो ज्या चाकांवरून फिरतो ती एका रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे. ओढणी आणि सैल बाह्या लांब ठेवा. ईपीएस गाडीत स्टेअरिंगसाठी पट्टा नसतो, तिथे हा आवाज अल्टरनेटर किंवा एसीच्या बाजूचा.

ईपीएस गाडीत वळवताना आतून टक-टक येते. मोटर गेली का?

बारीक गुणगुण येणं मोटरचं नेहमीचं आहे. टक-टक येत असेल तर आधी पायांजवळ कान द्या. स्टेअरिंगच्या दांडीपासून रॅकपर्यंत एक मधली दांडी जाते, तिच्या सांध्यात गंज किंवा ढिलेपणा आला की पेडलच्या वर टक-टक ऐकू येते आणि स्टेअरिंग फिरवताना ठराविक जागी हाताला खाच लागल्यासारखं वाटतं. दुसरी शक्यता मोटर आणि दांडी यांना जोडणाऱ्या छोट्या कपलिंगची. ते घासलं तर खराब रस्त्यावर स्टेअरिंगच्या खालीच खुळखुळ येते. दोन्हींत अख्खी मोटर बदलायची गरज असेलच असं नाही.

मे महिन्यातला एक वेगळा अनुभव पुष्कळांना घाबरवतो. उन्हात उभी गाडी काढताना मागे-पुढे करत स्टेअरिंग दहा वेळा टोकाला नेलं की ते एकदम जड होतं. मोटर तापली की यंत्रणा स्वतःच मदत कमी करते. थोडा वेळ थांबलं की पूर्ववत होतं. पण डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर स्कॅनरने कोड वाचून घ्या, आणि त्याआधी बॅटरी तपासा. आपल्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात, आणि कमी व्होल्टेजवर ईपीएस सर्वात आधी कुरकुर करतं.

वळणावर खड्डा आला की खट्ट होतं. एवढ्यावर गाडी चालवत राहिलो तर चालेल?

भाग कोणता यावर ते अवलंबून, आणि या एका प्रश्नाचं उत्तर तरी टाळू नका.

लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) सैल असेल तर छोट्या खाचखळग्यांवर, कमी वेगात, खडखड येते. कंटाळवाणा आवाज, स्वस्त भाग, लगेच धोका नाही. आठवडाभरात करून घ्या.

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांचं मात्र तसं नाही. टाय रॉड एंड चाकाला दिशा देतो. बॉल जॉइंट चाकाला लोअर आर्मशी धरून ठेवतो. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होऊन गाडी जागेवर बसते. मग स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्हींचा उपयोग उरत नाही. हे हळू वेगात झालं तर नशीब म्हणायचं.

घरी तपासायचं असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावून, पुढचं चाक जॅकवर उचला. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा: इथे ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा: इथे ढिलेपणा जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. काही बॉल जॉइंट भाराखालीच ढिलेपणा दाखवतात, म्हणून चाक घट्ट वाटलं तरी आवाज असेल तर मिस्त्रीला पहारीने तपासायला सांगा.

नागपुरात सिमेंट रस्त्यांनी खड्डे कमी झाले, पण रस्त्याची कड आणि बाजूची जमीन यांच्यात बऱ्याच ठिकाणी ठेच लागेल एवढा फरक आहे. वळलेल्या चाकाने त्या कडेवरून खाली उतरणं हा या सांध्यांवरचा सर्वात वाईट मार आहे. उतरायचंच असेल तर चाक सरळ करून, हळू.

वेग वाढला की घूंऽऽ, आणि एका बाजूला वळलं की वाढतं.

व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. टायर असमान झिजला तरी असाच आवाज येतो, म्हणून तळहात टायरवरून फिरवून पाहा. पुढची-मागची चाकं अदलाबदल केल्यावर आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा.

काल मुरमाच्या रस्त्यावरून आलो, आज चाकातून कर्कश घासणं.

ब्रेकच्या डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलाय. गाडी दोन-चार वेळा मागे-पुढे घेतली तर बहुधा पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा हाताने किंचित मागे वाकवतात. पाच मिनिटांचं काम. यासाठी डिस्क बदलायला कोणी सांगितलं तर आधी जुनी डिस्क दाखवायला सांगा.

फक्त पूर्ण वळवल्यावर घासत असेल तर चाकाच्या वरचं प्लॅस्टिक लायनर पाहा. क्लिपा पडून ते टायरवर लोंबतं. कंपनीपेक्षा रुंद टायर टाकले असतील तर तेही कारण.

स्टेअरिंगच्या आतूनच सरसर येते, आणि हॉर्न कधी वाजतो कधी नाही.

आतली गुंडाळलेली पट्टीसारखी वायर, जिला गॅरेजमध्ये क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती घासतेय. एअरबॅगचा करंटही तिच्यातूनच जातो, त्यामुळे एअरबॅगचा दिवा लागला असेल तर हे लांबवू नका. स्टेअरिंग स्वतः उघडू नका. बॅटरी काढून, थांबून, एअरबॅगचं काम येणाऱ्या माणसानेच हे करायचं.

मॉलच्या पार्किंगमध्ये टायर चीं-चीं करतात.

गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर सगळ्याच गाड्यांचे करतात. बाहेरच्या रस्त्यावर येत नसेल तर काही करू नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात उभी असलेली गाडी स्वस्तात मिळतेय. आवाज नाही. घेऊ का?

त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बुडालेल्या व्हील बेअरिंगमधलं ग्रीस खराब होतं, फाटक्या बुटातून जॉइंटमध्ये गाळ जातो आणि ईपीएसच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. आवाज काही महिन्यांनी, कधी वर्षभराने येतो. घ्यायचीच तर सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून गाळाची रेघ पाहा, कार्पेट उचलून खालचा पत्रा पाहा, चारही चाकं जॅकवर फिरवून ऐका, आणि इन्शुरन्सचा जुना क्लेम मागा. विकणारा क्लेमचे कागद दाखवायला तयार नसेल, तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

मिस्त्री म्हणतो, "रॅकच बदलावा लागेल."

असू शकतं, पण तो शेवटचा संशयित. रॅक हा स्टेअरिंगमधला महागडा भाग आहे आणि टाय रॉड, बुश, माउंटिंग, मधली दांडी यांच्यापैकी कोणीही वाजलं तरी आवाज रॅकमधूनच आल्यासारखा वाटतो. आधी हे चार तपासल्याचं डोळ्यांनी पाहा. मग रॅक गाडीला धरणारे बोल्ट आणि त्यांचे रबर पाहा. ते सैल असतील तर रॅक हलून वाजतो आणि नुसतं आवळून किंवा रबर बदलून काम होतं. रॅकला ढिलेपणा काढायचा एक स्क्रूही असतो. तो अंदाजाने आवळला तर स्टेअरिंग मध्येच अडकू शकतं, म्हणून कंपनीच्या मापानेच. काढलेला जुना भाग परत मागायची सवय ठेवा. झीज हाताने जाणवत नसेल तर का बदलला हे विचारता येतं.

व्हील अलाइनमेंट केलं तर आवाज जाईल का?

नाही. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढणं आणि टायरची असमान झीज थांबते, सैल सांधा घट्ट होत नाही. क्रम उलटा आहे: आधी टाय रॉड, लोअर आर्म किंवा शॉकअपचं काम, मग अलाइनमेंट. एक्सल किंवा बेअरिंगच्या कामानंतर सहसा गरज पडत नाही.

उद्या समृद्धी महामार्गावरून मुंबईला निघायचंय आणि आज आवाज सुरू झाला. निघू का?

७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, कारसाठी १२० ची मर्यादा, आणि टायर तासन् तास तापलेले. करकर, पट्ट्याची चीं किंवा लिंक रॉडची खडखड असेल तर आज संध्याकाळी दाखवून निघता येईल. सीव्ही जॉइंटची कट-कट फक्त पूर्ण वळवल्यावर आणि नुकतीच सुरू झाली असेल, तर परत आल्यावर काम होईल. पण सरळ चालतानाही येत असेल तर नाही. बेअरिंगचं घोंघावणं, वळताना खट्ट, स्टेअरिंगमध्ये नवा ढिलेपणा किंवा ईपीएसचा दिवा, यांपैकी काहीही असेल तर गाडी घरी ठेवा आणि रेल्वेचं तिकीट काढा. बॉल जॉइंटवर संशय असेल तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, चाकांवर ओढतही नेऊ नका. चारही चाकं वर ठेवणारी टोइंग गाडी मागवा.